राखून ठेवलेला सात

दहा, नऊ, आठ, सहा, पाच. परताव्याच्या गोदामात, जेवणाच्या सुट्टीत, उलट्या खोक्यावर बसून एका हाताने उकडलेला बटाटा खात तो वाचत होता आणि वाचता वाचता पुढे निघूनही गेला. अर्धं पान झाल्यावर थांबला. मागे आला. यान सुटायच्या आधी यानावरची यंत्रज्ञ बाई उलटे आकडे मोजते, आणि त्यात सात नाही. खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. दुसऱ्याची चूक सापडली की त्याचा दिवस बरा जायचा. कानामागची पेन्सिल काढून त्याने समासात फुली मारली आणि लिहिलं, ‘मालकांना नफा मोजता येतो, आकडे नाही.’ वाक्य जमलं होतं. परीक्षणाची सुरुवात यानेच करावी असं ठरवून त्याने बटाट्याचा दुसरा घास घेतला. चौदा पानांनंतर ती बाई पुन्हा मोजायला लागली. पुन्हा सात नाही. या वेळी शेजारी बसलेला यानाचा नळदुरुस्तीवाला तिला म्हणतो, “बाई, सात राहिला.” आणि बाई एक दांडी ओढता ओढता, त्या दांडीला कुणी तरी जुन्या बुटाची नाडी बांधून ठेवली होती, त्याच्याकडे न बघता म्हणते, “राहिला नाही. राखून ठेवलाय.” उरलेला बटाटा त्याने बाजूला ठेवला. पाणी प्यायला म्हणून उठला. नळाशी जाऊन नळ सोडला आणि पाणी न पिताच बंद केला.

छप्पन वर्षांचा माणूस. गोदामात त्याला सगळे कॉम्रेड म्हणत, त्यातले निम्मे चिडवायला आणि उरलेले निम्मे सवयीने. दुकानांत न खपलेली पुस्तकं या गोदामात परत येत. पुस्तक डाव्या हातात घ्यायचं, उजवा अंगठा मुखपृष्ठाखाली घालायचा आणि एका झटक्यात फाडायचं. मुखपृष्ठांचे गठ्ठे पुस्तक मेल्याचा पुरावा म्हणून प्रकाशकाकडे जात, उरलेलं पुस्तक पट्ट्यावरून लगद्याच्या टाकीत. एकवीस वर्षं हेच. उजव्या अंगठ्याला कायमची चीर, त्यात डिंक आणि धूळ. बिनमुखपृष्ठाचं पुस्तक घरी न्यायला बंदी होती, पण मुकादम कानाडोळा करायचा, कारण कॉम्रेड नेऊन नेऊन नेणार काय, तर ‘दूरकक्षा’. ‘दूरकक्षा’ ही टीव्हीवरची अंतराळाची मालिका, सोळा वर्षं चाललेली, आणि तिच्या जोडीला वर्षाला दोन कादंबऱ्या निघत, त्याच कप्तानाच्या, त्याच यानाच्या. सगळ्यांवर लेखकाचं नाव एकच, चांगलं भारदस्त, पुरुषी. मालिका बघणारी माणसं त्या आगगाडीत नाही तर दवाखान्यात वाचत आणि विसरून जात. नीट, पेन्सिल घेऊन, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा हा एकटाच असावा. वाचून तो त्यांची परीक्षणं लिही, आणि ती पक्षाच्या मासिकात छापून येत. पक्ष म्हणजे काय, तो कधीच फुटून तीन झाला होता, आणि त्या तिनांतल्या सगळ्यात बारक्या तुकड्याचं हे मासिक. वर्गणीदार तीनशे, आणि संपादक म्हणायचे, त्यातले चाळीस वारले आहेत पण नातेवाईकांनी अजून कळवलेलं नाही.

पण परीक्षणं काय लिहायचा! यानावर चारशे माणसं, त्यांचे संडास कोण साफ करतं? कप्तान प्रत्येक प्रकरणात मूठ आपटतो ते टेबल पुसणारीला पगार किती? यानाला इंधन लागतं, ते कुठल्या ग्रहावरच्या कुणाच्या पाठीवरून येतं? परके प्राणी नेहमी रांगेने मरतात आणि यानावरच्यांचा एकच माणूस मरतो, तोही ज्याचं नाव आपल्याला माहीत नसतं असाच का? अकराव्या कादंबरीत खाणकामगारांनी संप केला होता. कप्तानाने दीड पान भाषण ठोकलं आणि सगळे डोळे पुसत कामावर गेले. त्यावर त्याने लिहिलं होतं, ‘या लेखकाने संप फक्त खिडकीतून पाहिला आहे, आणि तीही मालकाच्या खिडकीतून.’ हे वाक्य तेव्हा गाजलं. म्हणजे संपादकांनी ते दोन बैठकांत म्हणून दाखवलं आणि एका निवृत्त ट्रामचालकाचं पत्र आलं. बायको सोडून गेली त्याला तोवर चार वर्षं झाली होती. जाताना ती म्हणाली होती, “तुझं कसं आहे, चंद्रावरच्या मजुराचं तुला दुःख, आणि इथे मी ताप अंगावर काढत होते ते तुला शेजारणीने सांगितलं.” तेव्हा त्याला वाटलं होतं की हा व्यक्तिवादी दृष्टिकोन आहे. तसं म्हणालाही होता तो. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

आणि परीक्षण लिहून झालं की तो ते ताईला वाचून दाखवी. दर दुसऱ्या रविवारी दुपारी, तिच्या स्वयंपाकघरात, ती कांदा चिरत असताना. ताई विधवा, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी. घरी बसून टायपिंग करते, औषधांच्या डब्यांत घालायच्या घडीच्या कागदांचा मजकूर जुळवते, असं तिने कधी तरी सांगितलं होतं आणि त्यानेही ते एकदा ऐकलं ते ऐकलं, पुन्हा काही विचारलं नाही. ताई छान ऐकायची. हसायच्या जागी हसायची. एकदा त्याने लेखकाला ‘भाडोत्री’ म्हटलं होतं, तर सुरी थांबवून म्हणाली, “भाडोत्री नको रे, भाडोत्र्याला निदान भाडं मिळतं. मिंधा लिही.” त्याने मिंधा लिहिलं. दुसऱ्या एका परीक्षणात ‘याला भूक माहीत नाही’ हे वाक्य तिनेच शेवटी नेऊन ठेवायला लावलं होतं, म्हणाली की शेवटी जास्त लागेल. आता नळाशी उभ्या उभ्या त्याला ते कांदा चिरणं दिसायला लागलं. डोळे पुसायची ती मधूनमधून, मनगटाने. कांदा म्हटल्यावर डोळे पुसणारच माणूस, असं आपण धरून चाललो होतो. सोळा वर्षं आपण असं धरून चाललो.

कारण सात राखून ठेवलेला जगात फक्त दोघांना माहीत होता. कारखान्याच्या टाळेबंदीचं वर्ष. तो पाच वर्षांचा, ताई अकरा. बाबा ओतकामाच्या भट्टीवर होते, संप समितीत होते. पोलीस आले ते सकाळी, बाबा स्टुलावर बसून बूट घालत असताना. एक पायात चढवला होता, दुसरा हातात. हातातला खाली ठेवा म्हणाले, ठेवला, आणि तसेच गेले, एका पायात बूट आणि एका पायात मोजा. आई त्यांच्या मागे जिना उतरून धावली. घरात हे दोघं आणि तो उरलेला बूट. त्याने भोकाड पसरलं तेव्हा ताईने त्याला उचलून कपडे धुवायच्या मोठ्या टबात बसवलं, स्वतः मागे बसली, बूट मध्ये ठेवला आणि त्याची नाडी धरून म्हणाली, हे यान आहे, ही दांडी आहे, मी मोजते, हलू नकोस. दहा, नऊ, आठ, सहा. पाच वर्षांचा असला तरी आकडे येत होते त्याला. “ताई, सात राहिला.” “राहिला नाही. राखून ठेवलाय. बाबा आले की म्हणायचा, मग यान खरंच सुटेल.” त्यानंतर रोज दुपारी ते टबात बसत, रोज मोजत आणि रोज सात गाळत. त्याला अजून आठवत होता टबाचा गार पत्रा मांड्यांना लागलेला, ताईच्या हनुवटीचं टोक डोक्यात रुतलेलं, आणि जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजलं की दोघांनी धरलेला श्वास. पाच महिन्यांनी बाबा आले. संप मोडला होता, बाबांनी कागदावर सही दिली होती, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की बाबा स्टुलावर बसले, पायातला बूट काढला, दुसरा मागितला, आणि दोन्ही जोडीने भिंतीशी नीट लावून ठेवले. आणि हा आनंदाने नाचत ओरडला, “ताई, आता सात म्हण! ताई, सात!” ताईने त्याच्या तोंडावर हात दाबला. हाताला साबणाची चव होती. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांची पाठ हलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला ते भट्टीवर गेले. सात कुणी म्हटलाच नाही, ना त्या दिवशी, ना पुढे कधी.

मुकादमाला त्याने पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा अर्धी रजा मागितली म्हणून मुकादम घाबरलाच. “काय कॉम्रेड, क्रांती झाली की काय? की डॉक्टरकडे सोडू?” तो नको म्हणाला आणि पुस्तक कोटाच्या आत धरून चालत सुटला. दुपारचं शहर त्याला माहीतच नव्हतं. दुकानांपुढे पाण्याने फरशा धुणाऱ्या बाया, पार्सलं उतरवणारे लोक, बाकावर बसून पाव खाणारा रंगारी, सगळे एरवी त्याच्या परीक्षणांत असत, पण ‘वर्ग’ म्हणून. आज एकेकाचा चेहरा उगाच अंगावर येत होता. वाटेत त्याने स्वतःशी वाद घातला. योगायोग असेल. दुसऱ्या कुणी तरी दुसऱ्या कुठल्या तरी टबात सात राखून ठेवला असेल. पण बुटाची नाडी? तिसावं पुस्तक, एकोणतिसावं, सतरावं, एकेक करून सगळी डोळ्यांपुढून जायला लागली, आणि ज्या ज्या जागी त्याने पेन्सिलीने फुली मारली होती त्या त्या जागी आता ताई बसलेली दिसायला लागली. जिना चढताना त्याला वाटलं की बेल वाजवूच नये. तोवर वाजवून झाली होती.

ताईने दार उघडलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग कोटातून डोकावणाऱ्या फाटक्या पुस्तकाकडे. “तीन महिने झाले ते येऊन,” ती म्हणाली. “मला वाटलं पहिल्या आठवड्यातच धावत येशील.”

“गोदामात आज आलं.”

“हो रे बाबा, तू कशाला विकत घेतोयस. ये. चहा टाकते.”

स्वयंपाकघरातलं टेबल आज वेगळंच दिसत होतं. नेहमी त्यावर काही ना काही पसरलेलं असे. आज काही नव्हतं, लाकडावर टायपिंग यंत्राच्या चार पायांचे चार खळगे फक्त. त्याने ते बोटाने चाचपले. इतक्या वर्षांत हे खळगे दिसले कसे नाहीत? “सगळी तूच?” त्याने विचारलं.

“नववं सोडून. तेव्हा आईचं आजारपण चाललं होतं, मग दुसऱ्या कुणाला तरी दिलं त्यांनी.”

“नववं मी त्यातल्या त्यात बरं म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंस. चांगलं आठवतंय मला,” ताई म्हणाली आणि साखरेचा डबा जरा जोरातच खाली ठेवला.

मग ती बोलत राहिली, त्याच्याकडे पाठ करून, चहा उकळत असताना. नाव कंपनीचं असतं, मागे कोण आहे हे कुणाला सांगायचं नाही अशी सही घेतात. नियमांची एक जाड वही देतात. कप्तान मरायचा नाही, लग्न करायचा नाही, त्याचे केस पांढरे व्हायचे नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम, पहिल्या पानावर सगळं जसं असेल तसंच शेवटच्या पानावर असलं पाहिजे. मधे काय वाट्टेल ते करा, ग्रह जाळा, पण शेवटी ज्याची त्याची खुर्ची ज्याला त्याला परत. “अकराव्यातला संप मी जिंकवला होता,” ती म्हणाली. “बाबांचाच होता तो. भट्टी, फाटक, सगळं. त्यांनी ती चाळीस पानं परत पाठवली आणि भाषण तयारच करून दिलं, दीड पान, हे इथे घाला म्हणून. घातलं. मग तू रविवारी आलास आणि ते खिडकीचं वाक्य वाचून दाखवलंस.”

“तू हसली होतीस.”

“वाक्य चांगलं होतं.”

त्याला ओरडावंसं वाटलं. सांगायचं होतंस की! एका शब्दाने सांगायचं होतंस! तो तसं ओरडलाच बहुतेक, कारण ताई वळली. तिचे डोळे कोरडे होते. “कसं सांगू? तोंड उघडलं की तुझं पुढचं पान सुरू. आणि खरं सांगू का बारक्या, मला ते हवं असायचं. एवढ्या मोठ्या जगात तूच एकटा ती पुस्तकं नीट वाचत होतास. शिव्या का होईना, पानापानाने देत होतास. त्या यानात झाडू कोण मारतं, भांडी कोण घासतं, सगळं विचारलंस तू. पुस्तक कोण लिहितं ते एकदाही विचारलं नाहीस. मी वाट बघायचे, आज विचारेल, आज विचारेल. मग यंदा म्हटलं आपणच सांगावं, तुझ्याच भाषेत. म्हणून सात गाळला.” छप्पन वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणणारं आता जगात दुसरं कुणी नव्हतं. तो खाली बसला. टेबलावरच्या खळग्यात चहा सांडला, तो त्याने बाहीने पुसला. एवढी परीक्षणं. एका बाईच्या स्वयंपाकघरात बसून, तिचंच जेवण जेवून.

“यंत्र कुठे गेलं?” त्याने विचारलं, काही तरी विचारायचं म्हणून. ताईने खणातून एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याच्याच मासिकाचं कात्रण होतं. एकतिसाव्या पुस्तकाचं परीक्षण, गेल्या वर्षीचं, आयुष्यातलं त्याचं एकमेव कौतुक. बर्फाच्या चंद्रावर मजूर काम बंद करतात, कप्तान बोलतो, सगळे परत जातात, पण यानाची स्वयंपाकीण परत गेल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. ती वाढायचा डाव हातात घेऊन बाहेर बर्फावर बसते आणि पुस्तक संपतं. त्याला तेव्हा इतका आनंद झाला होता की रात्रभर झोप नाही. संपादक म्हणाले होते, “कौतुक करतोयस? बरं वाटतंय ना तुला?” त्यातलं एक वाक्य कुणी तरी पिवळ्या शाईने अधोरेखित केलं होतं. ‘या लेखकाने कप्तानाच्या नाकाखालून लाल झेंडा नेला आहे, आणि कंपनीचा पहारेकरी गाढ झोपला आहे.’

“कंपनीत एक बाई असते,” ताई म्हणाली. “मालिकेचं नाव कुठेही छापून आलं की कात्रण काढून फायलीत लावायचं, हेच तिचं काम. कुठल्या का मासिकात असेना. पहारेकरी जागा झाला. पुढचं काम बंद, चौकशी सुरू. यंत्र कंपनीचं होतं, ते गेल्या मंगळवारी नेलं. तीस वेळा तू मला मिंधी म्हणालास तोवर माझी नोकरी पक्की होती.” आणि तिला हसू आलं. खरंखुरं, पोटातून हसू आलं, आणि त्यालाही, आणि दोघं काही वेळ तसे हसत राहिले. मग ते थांबलं आणि खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेल्याचा आवाज आला.

“मी लिहून देतो त्यांना,” तो म्हणाला. “माझी चूक झाली म्हणून.”

“तू कोण त्यांचा? फायलीत छापलेला कागद लागतो.” ती त्याच्यासमोर बसली. कपाळावरचे केस मागे सारले. ती दमलेली होती. बासष्ट वर्षांची बाई. “पुढच्या महिन्यात ठरवणार आहेत. त्याच्या आत तुझ्या मासिकाचा एक अंक निघतो. या पुस्तकाचं परीक्षण लिही. चांगल्या शिव्या दे. मागे देत होतास तशा. म्हणजे त्यांना वाटेल की बाई पुन्हा वळणावर आली.”

“या पुस्तकाला?”

“याच. दुसरं कुठलं? आणि सातावर लिही. तो त्यांच्या नजरेतून सुटलाय, कधी ना कधी सापडेल आणि मग विचारतील, हे काय, कुणासाठी. तूच चूक म्हणून दाखवलीस की चूकच ठरेल ती.”

तो म्हणाला की आजवर आपण एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. हे म्हणताना त्याचा आवाज सभेतल्यासारखा झाला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला. ताई कपातली साखर ढवळत राहिली. मग म्हणाली, “या वयात मला दुसरं काम कोण देणार? आणि नुसतं कामाचं नाही रे. सकाळी उठून बसायला मला जागा लागते. ते यान माझंही आहे ना थोडं. नाही तर मग तुझ्याकडे येऊन राहते. खुर्च्या किती आहेत तुझ्याकडे?”

“एक.”

“मग लिही,” ताई म्हणाली.

रविवारी सकाळी त्याच एका खुर्चीवर बसून त्याने लिहिलं. पहिल्या दोन तासांत काही सुचेना. पुस्तक पुन्हा वाचलं, या वेळी पेन्सिल न घेता, आणि ते चांगलं होतं. म्हणजे कप्तान तसाच दगड होता, भाषणं तशीच बेचव होती, पण त्यांच्या फटींत कुठे कुठे माणसं हलत होती. यंत्रज्ञ बाई हातमोजे काढून गार पत्र्याला हात लावते. नळदुरुस्तीवाल्याला झोपेत कुणाचं तरी पाऊल ऐकू येतं. प्रत्येक वाक्यापाशी त्याला थांबून ‘ताई, हे’ असं म्हणावंसं वाटत होतं, आणि म्हणायला समोर कुणी नव्हतं. मग एक ओळ आली. मग दुसरी. आणि गंमत अशी, गंमत कसली, लाजेची गोष्ट अशी, की एकदा हात बसल्यावर लेखणी आपली पळायला लागली. सोळा वर्षांचा सराव होता. चाबूक कसा फिरवायचा ते मनगटाला माहीत होतं, समोर कोण उभं आहे हे त्याला विचारायची गरज नव्हती. लिहिता लिहिता एका ठिकाणी तो स्वतःच्या वाक्यावर खूशही झाला. तेव्हा खुर्चीवरून उठला, मोरीत गेला आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. परत येऊन शेवट लिहिला. ‘बत्तिसाव्या खेपेलाही या लेखकाकडे सांगण्यासारखं काही नाही. याला भूक माहीत नाही, संप माहीत नाही, घर माहीत नाही. फार काय, दहापासून एकपर्यंत उलटे आकडे मोजताना याचा सात गळतो, तोही दोनदा, आणि या बावळटपणाला तो गूढ समजतो. मालकांनी आपल्या या नोकराला पहिलीच्या वर्गात बसवावं आणि सात जिथल्या तिथे घालून घ्यावा.’

संपादक खूश झाले. “आता बरा झालास,” म्हणाले. अंक निघाला त्या दिवशी ताईचा फोन आला. तिने पूर्ण परीक्षण वाचून दाखवलं, त्याचंच त्याला, सावकाश, एकही शब्द न गाळता. सोळा वर्षांत पहिल्यांदा तो ऐकत होता आणि ती वाचत होती. ‘घर माहीत नाही’ वर ती जरा थांबली. पुढे वाचलं. संपल्यावर म्हणाली, “छान झालंय. शेवटचं वाक्य मी असते तर अजून आखूड केलं असतं.” त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. “ऐकतोयस ना?” “ऐकतोय.” “बारक्या, चांगलं केलंस,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सहा आठवड्यांनी यंत्र परत आलं. ताईला तेहतिसावं पुस्तक मिळालं. नियमांच्या वहीत एक नवा नियम चढला होता, स्वयंपाकघरातल्या माणसांना शेवटच्या प्रकरणात जागेवर दाखवणं बंधनकारक. दर दुसऱ्या रविवारी तो पुन्हा जायला लागला. टेबलावर पुन्हा कागद पसरलेले असत, ती कांदा चिरी, तो तिच्यासमोर बसून राही. वाचून दाखवायला आता काही नव्हतं. एकदा त्याने विचारलं, “काय लिहितेयस सध्या?” तर ती चपापली आणि म्हणाली, “तेच रे. कप्तान आणि काय.” पूर्वी विचारलं असतं तर कदाचित ती दोन तास बोलली असती. आता विचारलेलं तिला पाहुण्याने विचारल्यासारखं वाटलं असावं. जेवण झालं की तो लवकर निघे.

मग एका सकाळी गोदामात ट्रक आला आणि मुकादम लांबूनच ओरडला, “कॉम्रेड, तुमचं यान आलं, अख्खं! दोन हजार!” न खपलेली नव्हती ती. मागे घेतलेली होती. कागदावर कारण लिहिलं होतं, मजकुरातील चूक, वाचकाने निदर्शनास आणून दिल्यावरून. दुसरी आवृत्ती दुकानांत गेली होती. तो जागेवर उभा राहिला. डाव्या हातात पुस्तक, अंगठा मुखपृष्ठाखाली, झटका. पुस्तक पट्ट्यावर. डाव्या हातात पुस्तक, अंगठा, झटका. तीन दिवस लागले. अंगठ्याची चीर उघडली आणि मुखपृष्ठांवर कुठे कुठे रक्ताचे ठिपके पडले, त्याबद्दल मुकादम थोडं बोलला. एखादी प्रत कोटात घालावी असं रोज वाटायचं. रोज त्याला वाटायचं की आपल्याला तो हक्क नाही, आणि रोज तो रिकाम्या कोटाने घरी जायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा गठ्ठा पट्ट्यावर गेला आणि टाकीच्या तोंडाशी पुस्तकं एकमेकांवर चढून आत पडली.

महिन्याभराने सुट्या पुस्तकांच्या खोक्यात त्याला एक नवी प्रत मिळाली, दुसऱ्या आवृत्तीची, कोपरा दुमडला म्हणून परत आलेली. त्याने ती उघडली. पान त्याला पाठ होतं. यंत्रज्ञ बाई दांडीपाशी बसलेली होती. दांडीची नाडी काढून टाकली होती. नळदुरुस्तीवाला गप्प होता, त्याला आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. दहा, नऊ, आठ, सात. काळ्या शाईत, स्वच्छ, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये. आणि त्याच्या काही ध्यानात यायच्या आत त्याची मान वर झाली आणि तो गोदामाच्या मोठ्या दाराकडे बघायला लागला. दार उघडं होतं. बाहेर ऊन होतं, रिकामा ट्रक होता. तो श्वास धरून बघत राहिला, किती वेळ कोण जाणे. पट्टा रिकामाच फिरत राहिला.

“काय हो,” मुकादम जवळ येऊन म्हणाला, “कुणी यायचंय का?”

“नाही,” तो म्हणाला. “कुणी नाही.” आणि त्याने अंगठा मुखपृष्ठाखाली घातला.